बाबूजींचा हात

साकोलीहून घरी येताना एसटीत खिडकीची जागा मिळाली की माझं बोट खिडकीच्या दांडीवर आपोआप वाजू लागतं. रस्त्याकडेच्या पाट्या मागे पळत असतात आणि बोट त्या एकेक करून उचलत असतं. धाब्याचं नाव, पंक्चरवाल्याची पाटी, पुढच्या ट्रकची नंबरप्लेट. एमएच ३५ सगळ्यात सोपी. दोन रेघा, चार टिंबं, मग तीन टिंबं दोन रेघा, मग सलग पाच टिंबं. छत्तीसगडची गाडी आली की सीजीपाशी ताल बदलतो. शेजारी बसलेल्या बाईला वाटतं, पोरगी कंटाळली आहे. सौंदड मागे पडेपर्यंत माझा अर्धा रस्ता वाजवून झालेला असतो.

ही सवय बाबूजींची. मोर्स शिकायला वेगळा वेळ काढायचा नाही, जे दिसेल ते वाजवायचं, असं त्यांचं सांगणं. मी तेव्हा अकरावीत होते. मराठी पाटी असली तर ती मनातल्या मनात रोमन अक्षरांत फोडायची आणि वाजवायची. ते स्वतः जेवताना ताटाच्या कडेवर वाजवत. त्यांच्या पत्नी, माई, वैतागायच्या. "दोन घास तरी मुक्यानं खा जी," म्हणायच्या. बाबूजी हसत, बोट थांबवत, आणि भात कालवताना पुन्हा सुरू होत.

ते माझ्या नात्यातले नव्हते. रेल्वेत तारबाबू होते म्हणून साऱ्या गावाचे बाबूजी. गोंदियाहून चांदा फोर्टकडे जाणारी बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळातली लाईन तेव्हा छोटी, म्हणजे नॅरोगेज, होती. झाडीतून, बांध्यांच्या मधून, तलावांच्या कडेने ती आगगाडी रमतगमत जायची. त्या लाईनवरच्या लहान स्टेशनांत त्यांची उमेदीची वर्षं गेली. तारेच्या साउंडरचा आवाज फलाटावर उभं राहूनही ऐकू यावा म्हणून त्याच्या मागे तंबाखूचा रिकामा पत्र्याचा डबा अडकवलेला असे. कट्ट, कडकट्ट. पावसाळ्याच्या रात्री बाहेर बेडकं ओरडत असताना त्या डब्यातून पुढच्या स्टेशनाचा माणूस बोलायचा. बाबूजी म्हणत, त्याचं तोंड मी जन्मात पाहिलं नाही, पण त्याला झोप आली आहे का, तो चिडला आहे का, हे मला डब्यावरून कळायचं.

निवृत्तीनंतर ते सडक अर्जुनीला येऊन राहिले आणि हौशी रेडिओत पडले. पडले म्हणजे पुरते बुडाले. केंद्र सरकारची परीक्षा दिली, परवाना मिळवला, व्हीयूने सुरू होणारं स्वतःचं कॉलसाईन मिळवलं. घराच्या मागच्या पडवीत टेबल मांडलं, भिंतीवर दोन घड्याळं लावली. एक आपल्या वेळेचं, दुसरं साडेपाच तास मागे, कारण जगभरचे हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, नोंदी एकाच जागतिक वेळेत ठेवतात. घरी आलेला प्रत्येक पाहुणा त्या दुसऱ्या घड्याळाकडे बघून म्हणायचा, बाबूजी, सेल गेला वाटते. ते न कंटाळता प्रत्येकाला समजावून सांगत. त्या पडवीलाच आम्ही क्लब म्हणत होतो. रेडिओदुरुस्तीचं दुकान चालवणारे एक काका, शाळेतले विज्ञानाचे एक गुरुजी, रविवारी गोंदियाहून येणारी कॉलेजची दोन-तीन मुलं, आणि मी. हॅमच्या जगात कुठल्याही वयाच्या बाईला वायएल म्हणतात आणि कुठल्याही वयाच्या पुरुषाला ओएम. आमच्या पडवीत मी एकटी वायएल. बाबूजींनी त्याचा कधी बाऊ केला नाही. पाय पसरून बसायला जागा आणि मोर्सच्या कीवर हात ठेवायला पाळी, दोन्ही मला सगळ्यांसारखंच मिळालं. त्या वयात, त्या गावात, ही फार मोठी गोष्ट होती.

त्यांनाही एक गोष्ट नव्याने शिकावी लागली होती. साउंडरची मोर्स म्हणजे दोन ठोक्यांमधलं अंतर ऐकणं. रेडिओवरची मोर्स म्हणजे लांब-आखूड सूर. अक्षरं तीच, कान वेगळा. आयुष्यभर ठोके ऐकलेल्या माणसाला साठीत सुरांची सवय करावी लागली. तो त्रास त्यांच्या लक्षात होता, म्हणून शिकवताना त्यांनी कुणावर आवाज चढवला नाही. मी घाईघाईत अक्षरं एकमेकांवर चढवली की ते हलकेच म्हणत, "घाई काहून करतेस बाई? अक्षराले जागा दे." मग कीची दोन टोकं जिथे भेटतात तिथे कागदाची पट्टी सरकवून ओढून घेत. पट्टीवर बारीकशी काळी रेघ उमटे. ती मला दाखवत. पुन्हा ओढत, रेघ फिकी होई. तिसऱ्यांदा कागद कोरा निघाला की कीचा स्क्रू अर्धा आटा फिरवत आणि म्हणत, आता वाजव. वरच्या श्रेणीच्या परवान्याला पूर्वी मिनिटाला १२ शब्दांचा वेग लागायचा. बाबूजींना वेगाशी देणंघेणं नव्हतं. समोरच्याच्या कानात अक्षर अख्खं उतरलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

अँटेना चढवायचा दिवस तर सणासारखा. ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी सुमारे ६६ फूट तार लागते, मधे तोडून दोन्हीकडे ३३-३३ फूट. आम्ही अंगणात तार पसरून ती पावलांनी नव्हे, टेपने मोजायचो, दोनदा. टोकांना चिनी मातीचे अंड्याएवढे इन्सुलेटर. मधला भाग उंच बांबूवर, एक टोक मोहाच्या झाडाकडे, दुसरं गोठ्याच्या आड्याकडे. मोहावरून दोरी टाकायला गुलेल, आणि गुलेलीत दोरीला बांधलेला नट. तो नट हमखास चुकीच्या फांदीवरून जायचा आणि सगळी गल्ली आपापली सूचना द्यायची. तार चढली, मीटरचा काटा खाली बसला की बाबूजी तारेखाली उभे राहून वर बघत बसायचे. काही वॅटची ताकद, एक तांब्याची तार, आणि वर शेकडो किलोमीटरांवर सूर्याच्या उन्हाने तयार झालेला एक अदृश्य थर, जो आपला आवाज परत जमिनीकडे वळवतो. दिवसा भोपाळ, हैदराबाद, बंगळुरू. अंधार पडला, खालचा शोषून घेणारा थर विरला की समुद्रापलीकडचे देश. सूर्याचं अकरा वर्षांचं चक्र वर असलं की १४ मेगाहर्ट्झवर सगळी पृथ्वी उघडी. जगाशी एवढं मोठं नातं जोडायला आपल्याकडून लागतं ते इतकं थोडं, याचा त्यांना शेवटपर्यंत अचंबा वाटत राहिला. मला आजही वाटतो.

पैशांचा प्रश्न असायचाच. बाहेरून आलेला तयार संच आमच्या आवाक्यातला नव्हता. पण हैदराबादच्या अशहर फरहान यांनी बिटएक्स नावाच्या ट्रान्सीव्हरचा आराखडा काढला तो आमच्यासारख्यांसाठीच जणू. बाजारात सहज मिळणारे ट्रान्झिस्टर, आणि परदेशी टोरॉइड मिळत नसतील तर कॉइल गुंडाळायला चक्क नळाचे वॉशर. बाबूजींनी इथल्याच हार्डवेअरच्या दुकानातून मूठभर वॉशर आणले. दुकानदाराने विचारलं, बाबूजी, घरात नळ किती? पडवीत बसून आम्ही वॉशरवर एनॅमलची तार गुंडाळली, वेढा वेढ्याला चिकटवून, ओठ हलवत मोजून. आठवडे गेले. ज्या सकाळी त्यातून पहिला माणसाचा आवाज निघाला त्या सकाळी माईंनी सगळ्यांना पोहे केले. हे डिझाईन पुढे जगभर पसरलं, देशोदेशीच्या लोकांनी ते बांधलं.

बाबूजींचं मोठेपण मला कळलं ते मात्र रेडिओच्या टेबलाशी नाही, धानाच्या बांधीत.

आमच्याकडे रोवणीच्या दिवसांत विजेची भीती फार. पऱ्हे उपटून चिखलात वाकलेल्या बाया, आजूबाजूला मोकळं रान, आडोसा म्हणून एखादं झाड, आणि झाड हाच धोका. दरवर्षी गोंदिया-भंडाऱ्यात वीज पडून माणसं जातात. बाबूजींचा नियम होता, आभाळ भरू लागलं की आधी अँटेनाची केबल संचातून काढून खिडकीबाहेर टाकायची, मग दुसरं काम. पण आभाळ भरण्याच्याही आधी ते एक छोटा ट्रान्झिस्टर घेऊन ओसरीवर बसत. मीडियम वेव्हवर जिथे कुठलंच स्टेशन नाही अशी मोकळी जागा लावत आणि ऐकत. दूर कुठे वीज चमकली की त्यात खर्र होतं. खर्र खर्रच्या मधलं अंतर कमी होत आलं, आवाज करकरीत होत गेला की ते चप्पल घालून निघत. धुऱ्यावर उभे राहून हाक मारत, "चला गा, निघा घरी. येऊन राह्यली." डोक्यावर ऊन असायचं. नवखी माणसं हसायची. जुन्या बाया मात्र लगेच हात धुवायला लागायच्या. तो अंदाज दर वेळी बरोबर ठरायचा असं नाही. कधी ढग वळून नवेगावच्या जंगलाकडे निघून जायचे आणि शेतमालक कुरकुरायचा की अर्धा दिवस फुकट गेला. बाबूजी त्याचं बोलणं ऐकून घेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा ट्रान्झिस्टर घेऊन बसत.

पडवीत बसून ते जुन्या गोष्टी सांगत तेव्हा वाटे, हे सगळे त्यांचे शेजारी आहेत. १९२१ साली हवेवर आलेले अमरेंद्रचंद्र गुप्तू, कॉलसाईन २जेके, आपल्या देशातले पहिले हॅम. १९३९ ला युद्ध सुरू झालं तेव्हा सरकारने हौशी लोकांना ट्रान्समीटर पोलिसांत जमा करायला लावले. आणि १९४२ च्या चले जाव चळवळीत मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, तो उभा करायला नरिमन प्रिंटरसारख्या हॅमचंच तंत्रज्ञान लागलं. पोलीस माग काढत, ही मंडळी जागा बदलत, आणि नोव्हेंबरात पकडली गेली. कॉलेजात शिकणारी बावीस वर्षांची मुलगी, हे सांगताना बाबूजी हटकून माझ्याकडे बघत. स्वातंत्र्यानंतर १५ मे १९४८ ला हौशी रेडिओचा राष्ट्रीय क्लब सुरू झाला तो महूच्या सिग्नल स्कूलमध्ये. महू म्हणजे बाबासाहेबांचं जन्मगाव, हे ते दर वेळी आवर्जून जोडत, आणि आमच्यातला जो मुलगा बौद्धविहाराजवळ राहायचा त्याचा चेहरा खुलायचा.

बोलण्यापेक्षा गप्प राहणं त्यांनी जास्त शिकवलं. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी समुद्र उसळला तेव्हा अंदमानात पोर्ट ब्लेअरला भारती प्रसाद होत्या. बऱ्याच वर्षांनी तिथून हौशी रेडिओला परवानगी मिळाली होती आणि त्या जगभरच्या हॅमशी संपर्क करायला गेल्या होत्या. फोन बंद पडले आणि त्यांचं स्टेशन हौसेचं राहिलं नाही. बेटांवरच्या माणसांची खुशाली त्यातून मुख्य भूमीकडे येऊ लागली. बाबूजींनी त्या दिवसांत आमच्या पडवीतून एक अक्षर पाठवू दिलं नाही. कोणी निरोप टिपायला कमी पडतंय का, कुणाचा शब्द सुटतोय का, हे ऐकत बसायचे, हातात पेन्सिल घेऊन. आमच्यातल्या एकाला मदत करायची घाई झाली होती. बाबूजी त्याला म्हणाले, "रस्ता मोकळा ठेवणं हे बी काम आहे." भूजच्या भूकंपातही २००१ साली त्यांनी हेच केलं होतं. त्सुनामीच्या त्या दिवसांत मी त्यांच्या शेजारी बसून रात्री उशिरापर्यंत टिपत राहिले. त्या कागदांतला एकही निरोप आमच्यामार्फत पुढे गेला नाही, जाण्याची गरज पडली नाही. बाबूजींनी ते कागद तरीही तारीख घालून फायलीत लावले.

नोंदीच्या बाबतीत ते कडक होते. आमच्या जिल्ह्यात वायरलेस म्हटलं की लोक सावध होतात. देवरी-सालेकसाकडच्या जंगलातल्या नक्षलवाद्यांच्या बातम्या सगळ्यांच्या कानावर असतात. मोहाच्या झाडावरून गेलेली तार बघून एकदा दोन पोलीस चौकशीला आले. बाबूजींनी खुर्च्या दिल्या, परवाना पुढे ठेवला, लॉगबुक उघडलं. तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, कोणाशी बोललो, आवाज कसा होता. पानामागून पान, एकाच निळ्या शाईत. त्यातल्या तरुण पोलिसाने विचारलं, यातून मिळतं काय तुम्हाला? बाबूजी म्हणाले, "कार्ड मिळते," आणि क्यूएसएल कार्डांचा बूट-चपलांचा खोका काढून दिला. जपान, युक्रेन, फिनलंड, केरळ. संपर्क झाला याची एकमेकांना पोस्टाने पाठवलेली पोच. तो पोरगा चहा थंड होईपर्यंत कार्डं बघत बसला होता.

आता त्यांच्या हाताविषयी. तारवाले माणसाला हातावरून ओळखतात. अक्षर प्रत्येकाचं वेगळं तशी मोर्सही. बाबूजींच्या हातात दोन खुणा होत्या. क्यू वाजवताना शेवटची रेघ ते अंमळ लांबवत, आणि स्वतःच्या कॉलसाईनच्या शेवटच्या अक्षराआधी पाव क्षण थांबत, स्टेशनात शिरणाऱ्या गाडीसारखे. कित्येक वर्षांनी, मी नोकरीत स्थिरावल्यावर, एका संध्याकाळी ७ मेगाहर्ट्झवर दक्षिणेतल्या एका वयस्क ओएमशी माझा संपर्क झाला. नाव, गाव, हवामान, नेहमीचं सगळं झालं. निरोपाचा सेव्हन्टी थ्री देण्याआधी त्यांनी मोर्समध्ये विचारलं, तुम्ही रेल्वेवाल्याकडे शिकलात का? मी विचारलं, कसं ओळखलंत? उत्तर आलं, तुमचा क्यू. ते स्वतः निवृत्त रेल्वे तारबाबू होते. मी त्यांना बाबूजींचं कॉलसाईन सांगितलं. त्यांनी ते परत वाजवून दाखवलं, शेवटच्या अक्षराआधी थांबून. त्यांची आणि बाबूजींची प्रत्यक्ष भेट कधीच झालेली नव्हती.

या गोष्टीवर मी खूप विचार केला आहे. पुस्तकातून सिद्धान्त शिकता येतो, परीक्षा पास होता येतं. हात मात्र कुणाच्या तरी शेजारी बसूनच येतो. गुरूचं शहाणपण शिष्याकडे किती येतं कुणास ठाऊक, पण त्याची लकब येते, थांबण्याची जागा येते. माझ्या बोटांत छोट्या लाईनचं एक स्टेशन आहे जे मी कधी पाहिलं नाही. छोटी लाईन गेली, मोठी आली. १४ जुलै २०१३ च्या रात्री देशातली तारसेवाही बंद झाली. बाबूजींनी ती बातमी ऐकली आणि माईंना म्हणाले, आता आपणच उरलो.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. हॅम गेला की त्याच्या कॉलसाईनपुढे सायलेंट की असं लिहितात. ते दोन शब्द त्यांच्या लॉगबुकात मी लिहिले, निळ्या शाईत, वेळ दोन्ही घड्याळांची.

तेराव्यानंतर घर आवरणं सुरू झालं. मुलं बाहेरगावी, त्यांची घाई मी समजू शकते. पडवीतल्या वस्तू कुणाला भंगार वाटणं स्वाभाविक आहे. तारा, डबे, वॉशर, जुने मीटर. एक दिवस माईंचा फोन आला. "पोरी, ह्यांच्या वह्या आन् ती चित्राची कार्डं मी धानाच्या कोठीत ठेवली आहे. सरकारी कागद आहे ना जी ते? रद्दीवाला मागत होता, मी नाही म्हटलं." मी त्यांना म्हटलं, हो माई, सरकारीच समजा. नंतर जाऊन सगळं घेऊन आले. वह्यांमधून धानाचा कोंडा अजून पडतो.

म्हणून एक विनंती आहे. तुमच्या घरात, नात्यात, गल्लीत असा कुणी हौशी रेडिओवाला होऊन गेला असेल तर त्याची लॉगबुकं आणि क्यूएसएल कार्डं रद्दीत देऊ नका. ऑस्ट्रियात व्हिएन्नाला अशी कार्डं जपणारा मोठा संग्रह उभा आहे, इतकी ती मोलाची असतात. ट्रान्समीटर असेल तर तो बिनपरवाना घरात ठेवता येत नाही, आणि भंगारात तर अजिबात देऊ नका. जवळच्या शहरातल्या एखाद्या हॅमला कळवा, तो येऊन घेऊन जाईल आणि बहुधा एखाद्या शिकणाऱ्या मुलाच्या टेबलावर पोचवेल. आणि घरात बारा वर्षांच्या वरचं पोर असेल, तारा-स्क्रूंशी खेळणारं, तर त्याला सांगा की परीक्षेला तेवढं वय पुरतं. शिकवायला माणूस हवा असेल तर आमच्या पडवीतली मंडळी अजून आहेत. रविवारी सकाळी या. पोरींनाही आणा.